व्हय, व्हय, बोला

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंय. चुकून लिहिलं असतं तर मी बोलले नसते, चुका आम्हीपण करतो. तुम्ही ऐकून, समजून, वर दोनदा चहा मागवून खोटं लिहिलंय.

तुमच्या सरकारी चौकशीच्या अहवालात आहे की हळद घासून चकचकीत करायचा ड्रम चालू करायला मी सांगितलं, तसं मी फोनवर स्वतःच्या तोंडानं कबूल केलं, आणि त्याची टेप तुम्ही जातीनं ऐकली. त्या ड्रमच्या पट्ट्यात साळूबाईचा उजवा हात गेला. म्हणजे तुमच्या कागदाप्रमाणं साळूबाईचा हात मी घालवला. नोकरी गेली, त्याचं मी बघून घेईन. पण आष्ट्याच्या बाजारात बायका मला बघून गप्प होतात आणि मी पुढं गेले की म्हणतात, "हीच ती." ते मी घेणार नाही. ज्याचं आहे त्याला द्या.

मी स्वप्नाली आकाराम गोरड. आमचं गाव सातारा जिल्ह्याच्या पार पूर्वेला, म्हसवडच्याही पुढं. वडील मेंढरं राखतात. बारावी झाल्यावर मी आष्ट्याला मावशीकडं आले, टायपिंग शिकले, कॉम्प्युटरचा क्लास केला आणि सांगली रस्त्यावरच्या हळदीच्या कारखान्यात ऑफिसात लागले. कारखाना सांगलीच्या मधुकरकाकांचा. त्यांचं आडनाव मी लिहीत नाही, तुम्हाला ते माहीत आहे. सुनावणीच्या दिवशी तुम्ही त्यांना "या, बसा काका" म्हणालात आणि मला "तू उभी राहा" म्हणालात.

काकांचा मुलगा पुष्कर अमेरिकेत असतो. हळद तिकडं विकायचं काम त्याच्याकडं, आणि खरं तर कारखानाही तिकडनं तोच चालवतो. काका फक्त किल्ल्या सांभाळतात.

किल्ल्यांचं सांगते, कारण त्यातच सगळं आहे. ऑफिसात एक फोन होता. त्याच्या बटणांवर पत्र्याची डबी बसवलेली आणि डबीला बारकं कुलूप. आलेला फोन घेता यायचा, लावता यायचा नाही. त्या कुलपाची किल्ली काकांच्या जानव्याला. साळूबाई म्हणायची, "काकांचं टेलिफोन खातं जानव्यालाच लोंबतंय." ती ड्रमवरची सगळ्यात जुनी बाई. कोपरापर्यंत पिवळी. नवीन पोर कामाला आली की तिला म्हणायची, "ये बाय. हितं रोज हळद लागती, नवरा तेवडा मिळत न्हाई."

फोनला कुलूप होतं, कॉम्प्युटरला नव्हतं, कारण काकांना कॉम्प्युटर चालवता येत नव्हता. दुसरी लाईन घेऊन त्याला मोडेम जोडला होता. मोडेम आधी चिरकायचा, कोंबडी धरल्यासारखा, मग इंटरनेट लागायचं. पुष्कर तिकडं त्याच्या कॉम्प्युटरपुढं बसलेला असायचा. कानाला हेडफोन, तोंडापुढं माईक, झालं बोलणं सुरू. पुष्करची गिऱ्हाइकंही त्याच्याशी असंच बोलायची, आणि त्यानं तिकडं एक प्रोग्रॅम घातला होता. जे बोलणं होईल ते सगळं त्याच्या कॉम्प्युटरात साठायचं.

काकांना ते पटत नव्हतं. ते म्हणायचे, "अरे, सांगलीच्या बाजारात रुमालाखाली हातात हात घालायचा, बोटं दाबून भाव सांगायचा. तोंडातनं अक्षर नाही. एवढे सौदे केले, कुणी बोट फिरवलं नाही."

"बाबा, बोटं इंटरनेटवरनं जात नाहीत," पुष्कर म्हणायचा. "गिऱ्हाईक आज एक बोलतं, उद्या दुसरं. शब्द धरून ठेवलेला बरा."

गिऱ्हाइकाचा शब्द धरायचा म्हणून ठेवलेली ती टेप. ती माझ्यावर चालेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

कॉम्प्युटरवरनं असं परदेशाशी बोलायला सरकारची मनाई आहे, हे मला काकांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. "कुणी विचारलं तर ई-मेल बघते म्हणायचं. फोन हा शब्दच काढायचा नाही." मी म्हणाले, "व्हय."

आता हा शब्द बघा, साहेब. तुमच्या अहवालात तो 'होय' असा टाईप झालाय. आमच्याकडं 'व्हय' म्हणजे होय असतंच असं नाही. आमचे अण्णा, म्हणजे वडील, एका टेकावर मेंढरं घेऊन असतात, चुलता दुसऱ्या टेकावर. मधी ओढा. अण्णा हाक मारतात, चुलता तिकडनं म्हणतो, "व्हयऽऽ." त्याचा अर्थ एवढाच की हाक पोचली, पुढं बोल. काय सांगणार आहेत ते अजून त्याला माहीतसुद्धा नसतं. चेष्टेत म्हटलं तर 'व्हय तर!' म्हणजे साफ नाही. आणि ओढून म्हटलं तर 'असं का?' एका शब्दाचे एवढे प्रकार आहेत आणि तुमच्या टाईपरायटरवर त्याला एकच बटण.

दुसरी गोष्ट. त्या कॉम्प्युटरच्या फोनला एक खोड होती. आवाज उशिरा पोचायचा. मी इथं बोलले की पुष्करला ते जरा वेळानं ऐकू जायचं, त्याचं उत्तर मला आणखी वेळानं. सुरवातीला आम्ही एकमेकांच्या बोलण्यावर बोलायचो, मी विचारायचे भावाचं आणि उत्तर यायचं पोत्यांचं. मग पुष्करनंच नियम केला. आपलं बोलून झालं की शेवटी 'बोला' म्हणायचं. 'बोला' ऐकू आलं की मगच समोरच्यानं तोंड उघडायचं. म्हणून ऑफिसात मी बोलायला लागले की बाहेर बायका माझी नक्कल करायच्या. "भाकरी खाल्ली, बोला. कोरड्यास तिखट हाय, बोला."

मी अण्णांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आगं, टेकावर तसंच असतंय की. पयल्या हाकंचं उत्तर येस्तोवर दुसरी हाक मारू ने. न्हाईतर ह्या हाकंचं उत्तर त्या हाकंला जातंय."

साहेब, तुमची सगळी चौकशी अण्णांच्या या एका वाक्यात आहे.

तो दिवस चैत्रातला. साल नव्व्याण्णव. नवीन हळद आलेली, कंटेनर भरायचा होता. आदल्या दिवशी ड्रमच्या पट्ट्यावरची जाळी तुटली होती. पट्टा मोटरीवरनं ड्रमवर जातो, त्यात कुणाचा हात जाऊ नये म्हणून ती जाळी असते. वेल्डर आला नव्हता. काका पुतण्याच्या मुंजीला साताऱ्याला गेले होते, किल्लीसकट.

सकाळी बायका ड्रमपाशी आल्या आणि बसल्याच नाहीत. साळूबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "जाळी न्हाई तर आमी न्हाई."

मुकादम हंबीरराव ऑफिसात आले. दुसऱ्याच्या तोंडाकडं बघून बोलायची सवय असलेला माणूस. "पोरी, मालकाला इचार बघ, काय करायचं."

मी इंटरनेट लावलं. हंबीररावांनाही ऐकू जावं म्हणून हेडफोन काढला आणि स्पीकर लावला. पुष्करला जाळीचं सांगितलं.

"एका दिवसानं काय होतंय? कंटेनर थांबणार नाही. ड्रम चालू करा. बोला."

"बायका न्हाई म्हणतात. मलाबी ते बरोबर वाटत न्हाई. वेल्डर दुपारपर्यंत येईल. बोला."

"हंबीरराव आहेत का तिथं? हंबीरराव, मी सांगतोय. चालू करा. बोला."

हंबीरराव माईकवर वाकले आणि इंटरनेटशिवायच अमेरिकेला पोचेल अशा आवाजात ओरडले, "व्हय!"

आणि गेले. बाहेर त्यांनी बायकांना काय सांगितलं ते मी ऐकलं. "मालकाचा हुकूम हाय. ज्येला बसायचं न्हाई त्येनं घरला जावा, उद्यापास्नं येऊ नगा." ड्रम सुरू झाला. ड्रम सुरू झाला की ऑफिसातला पत्राही थरथरतो. मी ई-मेल बघत बसले होते तोवर तो थरथराट मधेच अडखळला.

साळूबाई खाली सांडलेली हळद गोळा करत होती. हाताला गुंडाळलेलं फडकं पट्ट्यानं ओढलं, फडक्यामागं हात.

मी ते सगळं लिहीत नाही. बायकांनी तिला उचलून ऑफिसात आणलं, रिकाम्या पोत्यांवर निजवलं. हंबीरराव गाडी अडवायला रस्त्यावर पळाले. मी फोनकडं गेले. फोनला कुलूप. मी पेपरवेट घेतला आणि त्या डबीवर घातला. परत घातला. पत्रा वाकला, कुलूप हललं नाही. काकांनी कुलूप चांगलं घेतलं होतं.

इंटरनेट अजून चालू होतं. पुष्कर तिकडं अजून बसलेला होता.

साहेब, जरा विचार करा. पोत्यांवर बाई विव्हळतेय, दवाखाने तिकडं मिरजेत, आणि मिरजेला फोन लागत नाही. अमेरिकेला लागतोय.

मी माईकमध्ये ओरडले, "साळूबाईचा हात पट्ट्यात गेला. फोनला कुलूप हाय. तुमी तिकडनं मिरजेला फोन लावा, गाडी पाठवायला सांगा, काकांना सांगा. बोला."

बराच वेळ काहीच आलं नाही. मला वाटलं तो तिकडं फोन फिरवतोय. मग आवाज आला. "स्वप्नाली, ऐकू येतंय का?"

मी लगेच म्हणाले, "व्हय, व्हय, बोला."

त्यानं थांबायला पाहिजे होतं. नियम त्याचाच होता. तो थांबला नाही. माझं उत्तर वाटेत असतानाच त्यानं पुढचं विचारलं, आणि ते मला नंतर ऐकू आलं. "ड्रम चालू करायला हंबीररावांना तूच सांगितलंस ना?"

मला आधी कळलंच नाही की हा काय विचारतोय. मी गाडी मागतेय आणि हा हे विचारतोय. मग माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "न्हाई! तुमी सांगितलं! आता सकाळी, हंबीररावांच्या तोंडावर तुमी सांगितलं! पयली गाडी पाठवा!" 'बोला' म्हणायचं मी विसरले. तेवढ्यात दुधाचा टेम्पो मिळाला आणि मी माईक टाकून साळूबाईबरोबर मिरजेला गेले.

अंगठा आणि त्याच्याजवळची दोन बोटं गेली.

मी रोज डबा घेऊन दवाखान्यात जायचे. ती मला म्हणायची, "आता हळद एकाच हाताला लागंल गं बाय. निम्मी पगारी." मी रडायचे, ती हसायची. मग एक दिवस मी गेले तर तिनं भिंतीकडं तोंड केलं. डबा तसाच राहिला. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी तिची जाऊ बाहेर येऊन म्हणाली, "तू येऊ नगंस. काका येऊन गेलं टेप घिऊन. आमी ऐकलं."

"काय ऐकलं?"

"तुझाच आवाज हाय की. आमाला काय कान न्हाईत?"

त्या दिवसापासनं मी तुमच्या सुनावणीची वाट बघत होते, साहेब. नोकरीवरनं काढल्याचा कागद तोवर घरी आलाच होता. मला वाटायचं, तिथं सरकार असेल, तिथं पूर्ण टेप लागेल.

सुनावणी सांगलीत, तुमच्या ऑफिसात. अण्णा घोंगडं घेऊन माझ्याबरोबर आले होते, शिपायानं त्यांना दाराबाहेर बसवलं. आत काका, त्यांचे वकील, हंबीरराव, आणि खुर्चीवर साळूबाई. उजव्या हाताला पांढरं फडकं गुंडाळलेलं. काका तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते आणि त्या हाताकडं सोडून सगळीकडं बघत होते. रुमालाखालनं सौदे करण्यात जन्म गेलेला माणूस. त्या फडक्याखाली धरायला पुरी बोटं नव्हती.

तुम्ही आधी हंबीररावांना बोलावलं. तुम्हाला आठवत असेल, कारण तुम्ही हसला होता.

"मुकादम, ड्रम चालू करायचा आदेश तुम्हाला कोणी दिला?"

हंबीरराव म्हणाले, "व्हय."

"व्हय काय? कोणी दिला?"

"व्हय, व्हय."

तुमचा टायपिस्ट हात उचलून तुमच्याकडं बघत राहिला. तुम्ही वैतागून म्हणालात, "अहो, होय म्हणजे काय?"

"म्हंजे... ऐकतोय सायब. तुमी बोला."

सगळे हसले. काकांचे वकीलसुद्धा हसले. मी नाही हसले. मी मोठ्यानं म्हणाले, "साहेब, हे टाईप करा. 'व्हय म्हणजे ऐकतोय, तुम्ही बोला.' हे जसंच्या तसं टाईप करा." तुम्ही म्हणालात, "तुला विचारल्यावर बोल." टायपिस्टनं काही टाईप केलं नाही. आणि हंबीररावांनी शेवटी छताकडं बघत सांगितलं की ऑफिसातनं निरोप आला, कुणाचा ते त्यांना आठवत नाही. त्यांनाही घर आहे, मी त्यांना शिव्या देत नाही. पण त्यांच्या तोंडून तुमच्यापुढं जे आपसूक निघालं ते तुम्ही पुसलंत.

मग टेप लागली. कॅसेटवर उतरवून आणलेली.

"स्वप्नाली, ऐकू येतंय का? ड्रम चालू करायला हंबीररावांना तूच सांगितलंस ना?"

आणि माझा आवाज. "व्हय, व्हय, बोला."

खट्. बंद.

"हा आवाज तुझा?" तुम्ही विचारलंत.

"आवाज माझा हाय. बोलणं माझं न्हाई."

परत हसले सगळे. मी हसू संपेपर्यंत थांबले. मग म्हणाले, "साहेब, ही टेप अमेरिकेत भरलीय. माझं उत्तर तिथं उशिरा पोचलं. 'ऐकू येतंय का' ह्याला मी 'व्हय, बोला' म्हणालेय. ते पोचेपर्यंत त्यांनी पुढचा प्रश्न टाकला. गुन्हा कबूल करणारं माणूस शेवटी 'बोला' म्हणतं का? तुम्ही कधी ऐकलंय? 'खून मी केला, बोला'?"

तुम्ही समोरचा कागद बघितला. त्यावर काकांच्या ऑफिसानं टाईप करून दिलेलं होतं: 'होय.' माझे दोन 'व्हय' गेले, एक 'होय' आला, आणि 'बोला' कुठंच नाही.

मी म्हणाले, "टेप पुढं चालवा."

"टेप एवढीच आहे."

"एवढीच कशी असेल? त्या प्रश्नाचं माझं उत्तर पुढं आहे. आणि ह्याच्या आधी मी गाडी मागितलीय, ते कुठाय? सकाळचं बोलणं कुठाय? पुष्करचा प्रोग्रॅम सगळं साठवतो. गिऱ्हाइकाच्या शिंकेचासुद्धा आवाज साठवतो."

वकील उठले. "साहेब, फोनवर आवाज असा उशिरा पोचत नाही. आपण सगळेच परदेशात आयएसडी करतो. ही मुलगी काहीतरी रचून सांगतेय."

"काका, हा आयएसडी होता?" मी थेट काकांना विचारलं.

काका म्हणाले, "हो. फोनच होता."

"कुठल्या फोनवरनं मी लावला?"

"ऑफिसातल्या."

"त्याला कुलूप होतं. किल्ली तुमच्या जानव्याला होती. तुम्ही मुंजीला साताऱ्यात होता. डबीवर मी पेपरवेट घातला त्याचा वण अजून आहे. मग मी फोन लावला कसा? कुलपातनं बोटं घालून?"

काकांचा हात आपसूक सदऱ्यावरनं किल्लीकडं गेला. ते तुम्ही पाहिलंत, साहेब. मी तुमच्याकडंच बघत होते. तुम्हाला त्या क्षणाला कळलं की फोन कॉम्प्युटरवरनं झाला. आणि तेही कळलं की तसं लिहिलं तर काकांनी सरकारची मनाई मोडली असं लिहावं लागेल. कॉम्प्युटरचा फोन खरा धरला तर काका अडकतात. साधा फोन धरला तर मी. तुम्ही घड्याळाकडं बघितलंत आणि दुसऱ्यांदा चहा सांगितलात.

तेव्हा साळूबाई बोलली. तोवर ती माझ्याकडं एकदाही बघत नव्हती.

"सायब, ती टेप परत लावा."

"बाई, ऐकली की."

"दवाखान्यात गुंगीत हुते, नीट ऐकलं न्हाई. परत लावा."

तुम्ही लावलीत. ती कान देऊन पुढं झुकली. पुष्करचा प्रश्न झाला, माझं 'व्हय, व्हय, बोला' झालं, आणि खट् व्हायच्या आधी खालनं एक बारीक आवाज आला. मीही तो पहिल्यांदाच ऐकला.

"त्यो माझा आवाज," साळूबाई म्हणाली. "मी इवळतीया. त्ये लिवलंय का कागदावर?"

तुम्ही चहाचा कप पुढं ओढलात.

"हिचा शबुद लिवला, मालकाचा शबुद लिवला. माझं इवळणं टेपवर हाय आन् कागदावर न्हाई. का?"

"त्याचा प्रश्नाशी संबंध नाही, बाई."

"हात माझा गेला आन् संबंद न्हाई?" ती उठून उभी राहिली. "मी तितंच निजलेली सायब. ह्या इवळण्याच्या म्होरं ही पोर वरडली. 'न्हाई, तुमी सांगितलं, पयली गाडी पाठवा.' आता ध्यानात आलं मला. आवं काका, हिकडं बगा की. तुमी मला निम्मी टेप ऐकवली व्हय?"

हा 'व्हय' कसला, तो तरी तुम्हाला कळला का?

मग तिनं साक्ष सांगितली आणि टायपिस्टनं ती टाईप केली. तेवढं खरं. कागद पुढं सरकवून तो म्हणाला, "अंगठा."

साळूबाईनं डावा अंगठा पुढं केला.

"बाईमाणसाचा उजवा लागतो."

तिनं त्याच्याकडं बघितलं. मग म्हणाली, "उजवा काकांच्या ड्रमात हाय. जाऊन घिऊन ये."

त्या वेळी कुणीच हसलं नाही. तुम्ही "बघू, पुढच्या तारखेला" म्हणालात. पुढची तारीख आलीच नाही, अहवाल आला. त्यात लिहिलंय, जखमी महिलेच्या जबाबावर विहित अंगठा नसल्यामुळं तो विचारात घेतला नाही. ज्या अंगठ्यासाठी चौकशी, तो नाही म्हणून साक्ष बाद. हे लिहिताना तुमचा हात कसा चालला? तुमचा तर शाबूत आहे ना?

बाहेर आल्यावर साळूबाईनं माझ्या गालाला डावा हात लावला. "डब्यात काय आणलं हुतंस त्या दिशी?"

"मेथी."

"मग भाईर ठिवून जायचीस की, खुळे. राग माझा हुता, पोटाचा न्हवता."

अण्णांनी घोंगडं खांद्यावर टाकलं आणि विचारलं, "काय म्हणला सायब?"

"हाक पोचली न्हाई, अण्णा."

"पोचली असंल गं. त्यो व्हय म्हणंना, एवडंच."

म्हणून हे लिहितेय. कारखान्यात ड्रम चालू आहे. जाळी बसलीय म्हणतात, नवीन बाया आल्यात. काकांनी फोनचं कुलूप बदललंय. पुष्कर अजून तिकडनं बोलतो आणि त्याचा प्रोग्रॅम अजून साठवतो. माझं पुढचं वाक्य त्यात आहे. सकाळचा त्याचा हुकूमही त्यात आहे, आणि हंबीररावांचं अमेरिकेपर्यंत गेलेलं ओरडणंही. हे कुणी पुसलं असेल तर का पुसलं ते विचारा. पुसलं नसेल तर मागवा. तो फोन कसला होता ते लिहायला तुम्हाला भीती वाटते, तर तसं लिहा. भीती वाटते असं लिहा. पण माझ्या नावावर लिहू नका.

या कागदाच्या नकला मी काढल्यात. एक आष्ट्याच्या एसटी स्टँडवर डकवलीय, एक कारखान्याच्या फाटकावर. खाली माझी सही आहे आणि साळूबाईचा डावा अंगठा. तो चालतो का नाही हे आता वाचणारे ठरवतील.

ड्रम चालू करा असं कोण म्हणालं? टेपवर माझ्या 'बोला'च्या पुढं काय आहे? एवढं दोनच विचारतेय. वकिलाला विचारून सांगू नका, काकांना विचारून सांगू नका.

ऐकू येतंय का, साहेब?

माझं बोलून झालं. बोला.